बायकांनी वजन किती उचलावं?



मागच्या दिवाळीची गोष्ट. आपल्या इथल्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभी होते. मागून एकीने विचारलं, "तू म्हणे वजनं उचलतेस? किती गं?"

मी म्हटलं, "जमिनीवरून ९५ किलो."

"अगं बाई! कशाला?"

हा तिचा पहिला प्रश्न. मग चकलीचा एक तुकडा मोडून झाल्यावर, जरा आवाज खाली आणून तिने दुसरा विचारला, "मला किती जमेल?"

कशाला, याचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं असतं. माझं मी सांगेनच. पण किती जमेल, हा प्रश्न मला गेल्या तीन वर्षांत इथल्या निदान दहा-बारा जणींनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर अर्धवट राहिलंय, कारण मागे कुणीतरी "चला, जेवायला बसा" म्हणतं. आज पंधरा मिनिटं माझ्या हातात आहेत.

आधी पॉवरलिफ्टिंग म्हणजे काय ते सांगते. मीराबाई चानूने टोकियोत रुपेरी पदक मिळवलं ते वेटलिफ्टिंग. त्यात बार डोक्यावर जातो. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीनच प्रकार. स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यामागे पाठीवर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. स्पर्धेत प्रत्येकाच्या तीन संधी मिळतात, तिन्ही प्रकारांतल्या सर्वांत चांगल्या आकड्यांची बेरीज होते, ती तुमची टोटल. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली अमेरिकेत झाली, म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या जन्माच्या आसपास. हा खेळ बायकांना काल-परवा सुचलेला नाही.

मी यात कशी आले? २०२१ च्या डिसेंबरमध्ये नाशिकला गेले होते. एका सकाळी आई न्हाणीघरात ओल्या फरशीवर घसरली. हाड मोडलं नव्हतं, पण तिला उठता येईना. बाबांचे गुडघे गेलेले. मी तिच्या काखेत हात घालून उचलायला गेले आणि ती तसूभरही हलली नाही. आईचं वजन ५८ किलो. शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली. तो आला, आईला संकोच वाटला, मी टॉवेल शोधत राहिले. (पडलेल्या माणसाला असं घाईने ओढायचं नसतं, आधी कुठे दुखतंय, हाड मोडलंय का ते बघायचं, हे मला नंतर कळलं. तुम्ही आत्ताच ऐकून ठेवा.)

परतीच्या विमानात माझ्या डोक्यात तेच. मी बेचाळीस वर्षांची, दिवसाचे दहा तास खुर्चीत, युस्टनच्या गाडीत लॅपटॉप मांडीवर. चालणं म्हणाल तर रविवारी विलन लेकला एक फेरी. तेवढ्यावर आपण फिट आहोत असं मी समजत होते.

इथे आल्यावर जिम लावली आणि पहिली चूक केली ती माझ्या धंद्याला साजेशी. मी आयटी कन्सल्टंट, त्यात एमबीए. आम्हाला कुठलंही काम दिलं की आधी स्प्रेडशीट उघडतो. पहिल्या आठवड्यात मी ३५ किलोची डेडलिफ्ट केली होती. आठवड्याला अडीच किलो वाढवायचे, वर्षाचे अर्धे आठवडे सव्वीस, सव्वीस गुणिले अडीच पासष्ट, अधिक पस्तीस. बरोब्बर शंभर! सहा महिन्यांत शंभर किलो. एक सरळ रेघ, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी. एखाद्या क्लायंटला दाखवली असती तर त्याने लगेच सही केली असती.

चौदा आठवडे रेघ बरोबर चालली. सत्तर किलो झाले. मी सगळ्यांना सांगत सुटले. पण त्यानंतर प्रत्येक आठवडा जड जायला लागला. झोप नीट नाही, कामावर डेडलाइन, आणि तरी कागदावर आकडा लिहिलाय म्हणून बार उचलायचाच. सतराव्या आठवड्यात, साडेसत्याहत्तर किलोला, पाठ वाकली आणि कंबरेत कळ आली. सहा आठवडे घरी. मोजे घालायला लेकीची मदत. परत सुरुवात केली ती चाळीस किलोपासून.

मला तेव्हा कुणीतरी दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. पहिली अशी, की सुरुवातीच्या महिन्यांत जी वाढ दिसते ती बरीचशी स्नायूंची नसतेच. शरीर ती हालचाल शिकत असतं, असलेले स्नायू एकत्र वापरायला शिकत असतं. ते शिकून झालं की खरे स्नायू बांधायचं काम उरतं आणि ते संथ असतं. म्हणून रेघ सरळ जात नाही, वाकते. प्रत्येकीची वाकते. त्यात आपलं काही चुकलेलं नसतं. दुसरी गोष्ट, शंभर हा आकडा कुठून आला? कुठूनच नाही. गोल दिसतो म्हणून. माझा खरा आकडा ५८ होता आणि तो मी त्या चौदा आठवड्यांतच ओलांडला होता. लक्षातसुद्धा आलं नाही.

तर आता, "मला किती जमेल?"

इंटरनेटवर तक्ते असतात, वय आणि वजन टाका, तुम्ही नवशिक्या की प्रवीण ते सांगतात. ते जरा जपून वाचा. तिथे आकडे भरायला जातात कोण, तर आधीच वजनं उचलणाऱ्या, बहुतेक तरुण आणि हौशी मुली. ज्या आठवड्यातून दोनदा जिमला जातात आणि उरलेल्या वेळात डबे भरतात त्या आपले आकडे तिथे टाकत नाहीत.

माझा अंदाज सांगते. माझा स्वतःचा अनुभव आणि आजूबाजूच्या बायका पाहून बांधलेला, शास्त्रातला नियम म्हणून घेऊ नका. चाळिशीतली, तब्येतीने बरी, आधी कधी व्यायाम न केलेली बाई आठवड्यातून दोन-तीनदा, कुणाकडून तरी नीट शिकून, नियमाने करत राहिली तर वर्षभरात तिला स्वतःच्या वजनाएवढी डेडलिफ्ट, वजनाच्या पाऊणपट स्क्वॉट आणि साधारण निम्मी बेंच प्रेस जमायला हरकत नाही. साठ किलोच्या बाईसाठी साठ, पंचेचाळीस आणि तीस. पुढे दोन-तीन वर्षांत डेडलिफ्ट दीडपटीकडे जाते, स्क्वॉट वजनाएवढा किंवा थोडा वर, आणि बेंच दोन-तृतीयांशाच्या आसपास रेंगाळते. पंचवीस वर्षांची मुलगी याच्या पुढे जाईल. पन्नाशी-साठीत सुरू करणारीला जास्त महिने लागतील, पण वाढ तिलाही दिसेल. वजन जास्त असेल तर हे पट लागू पडत नाहीत. तिथे फक्त आपला मागचा आकडा पाहायचा. शिवाय हाडांची ठेवण असते. लांब हातांना डेडलिफ्ट सोपी जाते, लांब मांड्यांना स्क्वॉट अवघड. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा दहा किलो जास्त स्क्वॉट करते आणि डेडलिफ्टला माझ्या मागे आहे. आम्ही दोघींनी तुलना सोडून दिली. म्हणजे, जवळजवळ सोडून दिली.

किलो डोळ्यांपुढे येत नसतील तर विमानाच्या बॅगा मोजा. चेक-इनची बॅग २३ किलोची. तीन बॅगा म्हणजे ६९. भारतातून येताना पापड-लोणच्यांनी ठासून भरलेल्या दोन बॅगा पट्ट्यावरून खाली ओढल्या असतील तर तुम्ही डेडलिफ्टच्या अगदी लांब नाही आहात. फक्त ओढण्याची पद्धत चुकीची होती.

आता बेंच प्रेसबद्दल थोडं जास्त बोलणार आहे, कारण बायका तिथेच निराश होऊन सोडून देतात. पुरुषांच्या तुलनेत आपल्या पायांची ताकद बरीच जवळ जाते, पण खांदे, छाती आणि हातांत फरक मोठा असतो. जिममधला नेहमीचा मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो. पहिल्या दिवशी तो मला कसाबसा दोनदा ढकलता आला. शेजारच्या बाकावर एक विशीतला मुलगा त्याच बारवर नुसते हात मोकळे करत होता. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. नंतर कळलं की जिममध्ये १५ किलोचा, हाताला बारीक लागणारा बार बहुधा असतोच, कुठल्यातरी कोपऱ्यात. विचारायचं. तोही जड वाटला तर डंबेल्सनी सुरुवात करायची.

यापेक्षाही मोठी अडचण आहे ती गणिताची. जिममधली सर्वांत छोटी प्लेट सव्वा किलोची, दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे एका उडीत अडीच किलो. शंभर किलो ढकलणाऱ्या पुरुषाला ती वाढ अडीच टक्के. तीस किलो ढकलणाऱ्या बाईला तीच वाढ आठ टक्क्यांहून जास्त. ऑफिसात सांगा बरं, पुढच्या आठवड्यात आठ टक्के जास्त काम करून दाखवा, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी आठ! मग बाई महिनोन्महिने तीस किलोवरच अडकते आणि म्हणते, माझ्या हातात ताकदच नाही. तिच्या हातांत ताकद आहे. जिममध्ये लहान प्लेट नाही. अर्धा-अर्धा किलोच्या चकत्या ऑनलाइन मिळतात. मी दोन घेतल्या, पर्समध्ये ठेवते. तीसचे एकतीस, एकतीसचे बत्तीस. साडेसदतीसला पोचायला मला जवळपास दीड वर्ष लागलं, पण पोचले.

डेडलिफ्टचीही अशीच एक गोम आहे. बारला मोठ्या, पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या प्लेट लागल्या की तो जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर असतो. पण सुरुवातीला आपण पाच-पाच किलोच्या छोट्या प्लेट लावतो आणि बार खाली जातो, म्हणजे हलकं वजन उचलणारीलाच जास्त वाकावं लागतं. त्याखाली ठोकळे ठेवा, किंवा मोठ्या आकाराच्या हलक्या रबरी प्लेट मागा. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं, कुणी सांगत नाही.

आता काही बायकांची नावं सांगते. पुण्याच्या भावना टोकेकर. वायुदलातल्या अधिकाऱ्याच्या पत्नी, दोन मुलांची आई. चाळिशी उलटल्यावर, ४१ व्या वर्षी व्यायामाला लागल्या. जुलै २०१९ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कला खुल्या आशियाई पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदकं घेतली. तेव्हा वय ४७. बातमी व्हॉट्सॲपवर फिरली तेव्हा सगळ्यांनी चार पदकं वाचली. मी आता त्यातली वर्षं वाचते. ४१ ते ४७, सहा वर्षं. माझ्या स्प्रेडशीटमध्ये सहा महिने होते. पुण्याच्याच आयुर्वेदाच्या डॉक्टर शर्वरी इनामदार यांचे साडी नेसून व्यायाम करतानाचे व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकींनी पाहिले असतील. आणि इथल्या घराजवळच्या म्हणायच्या तर वॉरिकशायरच्या करनजीत कौर बैन्स, पॉवरलिफ्टिंगमध्ये ग्रेट ब्रिटनचं प्रतिनिधित्व करणाऱ्या पहिल्या शीख महिला. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. टीव्हीवरच्या 'ग्लॅडिएटर्स'मध्ये अथीना म्हणून येतात त्याच. माझ्या लेकीला माझ्या ९५ किलोंचं काडीचं कौतुक नाही, पण अथीना लागली की सोफ्यावरून उठत नाही.

हाडांचं बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पाळी जाण्याच्या सुमारास हाडांची घनता भराभर कमी होते. वजनाचे व्यायाम त्या वयात चालतात का, यावर ऑस्ट्रेलियात एक चांगला प्रयोग झाला, २०१८ साली छापून आला. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या शंभरेक बायका. त्यातल्या निम्म्यांनी आठ महिने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलण्याचा व्यायाम केला. हलकी नाही, चांगली जड वजनं. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. मात्र 'देखरेखीखाली' हा शब्द सोडू नका. हाडांचा त्रास आधीच असेल तर जीपीशी बोलूनच सुरुवात करा. ब्रिटनच्या चीफ मेडिकल ऑफिसर्सचा २०१९ चा सल्लाही आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाचा आहे. चालणं त्यात धरलेलं नाही. आपण रेडवेवरून दहा हजार पावलं चालून येतो आणि वाटतं, झालं. अर्धंच झालं.

आणखी एक गोष्ट, जी फराळाच्या रांगेत बोलता येत नाही. बाळंतपणं झालेल्या अनेक जणींना जड वजन उचलताना लघवीचे थेंब जातात. मलाही जायचे. सहा महिने मी काळी पँट घालून गप्प बसले. हे खूप जणींना होतं आणि यावर उपाय आहे. पेल्व्हिक हेल्थ फिजिओ नावाचा प्रकार एनएचएसमध्ये असतो, जीपीला सांगा. तोवर वजन थोडं कमी करा आणि श्वास कोंडून धरू नका. आणि 'पुरुषांसारखी दिसशील' ही भीती काढून टाका. तेवढे स्नायू होण्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन आपल्यात अगदी थोडं असतं. तीन वर्षांत माझ्या एका ब्लाउजची बाही उसवावी लागली, बस.

खाण्याचं थोडक्यात. नुसत्या वरण-भातावर हे होत नाही. मी शाकाहारी आहे. रोज एक वाटी उसळ, दही, पनीर किंवा टोफू हे ठरवून खावं लागतं. नाहीतर दिवस पोळी-भाजीत संपतो.

हे सगळं ऐकून कुणी ना कुणी म्हणतंच, "आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, त्यांना कुठे जिम लागली?" मला हे वाक्य फारसं आवडत नाही. माझ्या आजीने दळलं, शेंदलं आणि साठीत तिला जमिनीवरून उठता येत नव्हतं. ती मेहनत होती. तिला कुणी आठवड्यातून दोन दिवस सुट्टी दिली नाही, की थकल्यावर वजन कमी कर म्हटलं नाही.

मागच्या वर्षी मी एका छोट्या स्पर्धेत उतरले. तिथे चाळीस ते एकोणपन्नास वयाचा वेगळा गट असतो, मास्टर्स. स्पर्धेत एक मजेशीर नियम आहे. एखाद्या प्रकारातल्या तिन्ही संधी फसल्या तर तुमची टोटलच धरत नाहीत, घरी जायचं. आणि पहिल्या संधीला जो आकडा दिला त्याच्या खाली नंतर येता येत नाही. म्हणून जाणत्या कोच सांगतात, पहिला आकडा असा द्या की वाईट झोपेनंतर, वाईट दिवशीही तो तीनदा उचलता येईल. मी स्क्वॉटला ५५ दिला. समोरच्या तीन पंचांचे तीन पांढरे दिवे लागले. नंतर साठ, नंतर पासष्ट. बेंचला साडेसदतीस, डेडलिफ्टला ९५. टोटल एकशे साडेसत्त्याण्णव, म्हणजे १९७.५ किलो. माझ्या गटात मी शेवटून दुसरी आले.

शंभर अजून झालेले नाहीत. साडेसत्त्याण्णव दोनदा गुडघ्यापर्यंत आले आणि परत गेले. होतील तेव्हा होतील. स्प्रेडशीट अजून आहे, पण त्यात पुढच्या तारखा टाकणं मी बंद केलंय. झालेलं तेवढंच लिहिते.

आई येत्या मे महिन्यात इथे येतेय, तीन महिन्यांसाठी. फोनवर तिला म्हटलं, "आई, या वेळी तुझाही व्यायाम घेणार आहे."

"अगं, मी काय आता तुझे ते लोखंडी दांडे उचलू?"

"दांडे नको. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. किती वेळा जमतं बघ."

पलीकडे थोडा वेळ खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग बाबांचा, "अगं, जपून." मग आई, जरा धापा टाकत, "तीन झाले. चौथ्याला हात लागला."

मी ते माझ्या शीटमध्ये, माझ्या आकड्यांच्या खालच्या ओळीत लिहून ठेवलंय. आई, तीन. जेवणाच्या टेबलाची एक खुर्चीही तिच्यासाठी बाजूला काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे, म्हणजे सरकायची नाही.